विखुरलेली बॅच जोडावी कशी, टिकवावी कशी

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच्या आगेमागे ज्यांनी हिंगोलीच्या आदर्श महाविद्यालयात, वसमतच्या बहिर्जी स्मारक महाविद्यालयात किंवा जवळपासच्या एखाद्या कॉलेजात पदवी घेतली, ती पिढी आता पन्नाशीच्या आसपास आहे. एका बाकावर बसलेले कुठल्या कुठे गेले. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, कुणी चाकणच्या कंपनीत. कुणाची मोंढ्यात अडत आहे, तर कुणी घरची तीन एकर सांभाळतो. वर्गातल्या मुली वाशीम, यवतमाळ, नांदेडकडे नांदायला गेल्या. लग्नात नाहीतर एसटी स्टँडवर एखादा भेटला की दोघंही म्हणतात, ‘एकदा सगळ्यांनी बसलं पाहिजे.’ आणि ते राहून जातं.

राहून जातं, कारण ते काम कुणाच्याच अंगावर नसतं. जीव असतो, आठवण असते. नसते ती यादी, नसते तारीख आणि नसतो पाठपुरावा करणारा माणूस. हे काम चार-पाच महिन्यांत कसं उभं करायचं आणि पुढं कसं चालू ठेवायचं, त्याची ही कृती आहे. तिच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बॅचमधल्या ज्या माणसाला यायला सगळ्यात जास्त अडचण आहे, त्याच्या मापानं बेत आखायचा. त्याला जमलं तर बाकीच्यांना जमतंच. उलट मोटारगाडीवाल्यांच्या सोयीनं बेत आखला, तर पहिल्याच वर्षी निम्मी बॅच गळते आणि ती पुन्हा येत नाही.

काय काय लागेल

- दोनशे पानी फुलस्केप वही. मोबाइलमधली यादी हरवते, वही राहते.
- त्या वर्षांचे कॉलेजचे वार्षिक अंक, निरोप समारंभाचा ग्रुप फोटो, कुणाकडं असतील तर जुनी हॉलतिकिटं आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे फोटो.
- चार माणसं. कोणती, ते पुढं सांगितलं आहे.
- सप्टेंबर ते जानेवारी हा काळ, आठवड्याला दोन तास.

१. आधी चौघं ठरवा

एकट्यानं हे काम अंगावर घेऊ नका. एकट्याच्या घरी आजारपण आलं, बदली झाली की सगळं थांबतं. चौघं निवडताना ती चार ठिकाणची असू द्या. एक जण तालुक्याच्या गावी राहणारा, म्हणजे कॉलेजात जाणं, हॉल पाहणं, सरांना भेटणं त्याला जमेल. एक वर्गमैत्रीण, कारण बाकीच्या मैत्रिणींपर्यंत तीच पोचू शकते. एक पुण्या-मुंबईकडं असणारा, कारण तिकडं गेलेल्यांचे धागे त्याच्या हाती असतात. आणि एक शेती करणारा. हा चौथा माणूस कधीच वगळू नका. तारीख कधी नको, किती वर्गणी जड जाईल, कुणाचं सध्या बरं चाललेलं नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

चौघांनी कामं वाटून घ्यावीत आणि दर रविवारी रात्री अर्धा तास फोनवर बोलावं. एवढी शिस्त पुरेशी आहे.

२. यादी आठवणीनं करा, मग कागदानं पक्की करा

हजेरीच्या क्रमानं नावं आठवायला बसलात तर विसाव्या नावाला गाडी अडते. त्याऐवजी माणसं ज्या गटानं राहत होती, त्या गटानं आठवा. आपल्याकडं कॉलेजला येणारी निम्मी पोरं खोली करून राहायची. एका खोलीत चौघं, घरून एसटीनं डबा यायचा, स्टँडवर जाऊन तो उतरवून घ्यायचा आणि एकाचा डबा चुकला तर तिघांच्या डब्यात चौघं जेवायचे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: तू कुणाच्या खोलीवर राहायचास? एका खोलीतला एक माणूस सापडला की बाकीच्या तिघांचं गाव, घर, भावाचं नाव सगळं निघतं.

खोल्या संपल्या की गाड्या घ्या. सकाळी कुरुंद्याकडून येणाऱ्या एसटीत कोण असायचं, जवळा बाजारहून कोण यायचं, आखाडा बाळापूरच्या गाडीला कोण. त्यानंतर सेवा योजनेचं शिबिर, एनसीसी, कबड्डीचा संघ, स्नेहसंमेलनातलं नाटक. या पद्धतीनं दोन बैठकांत बहुतेक वर्ग कागदावर येतो.

वहीत प्रत्येकाला अर्धं पान द्या आणि एवढे रकाने आखा: नाव, माहेरचं नाव, मूळ गाव, खोलीचे साथीदार, सध्याचा ठावठिकाणा, फोन, कुणाकडून कळलं, कधी बोलणं झालं.

आता कागद. वार्षिक अंकात विभागवार फोटो आणि नावं असतात. कॉलेजच्या ग्रंथालयात जुने अंक बहुधा मिळतात. वर्षाचा घोळ झाला असेल तर गुणपत्रिका काढून पाहा. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालं. त्याआधी आपली कॉलेजं १९५८ साली स्थापन झालेल्या औरंगाबादच्या विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिकेवर कोणतं विद्यापीठ आहे, त्यावरून वर्ष आगेमागे लावता येतं. पत्ता शोधताना आणखी एक ध्यानात ठेवा. १९९९ पूर्वीच्या प्रत्येक कागदावर ‘जि. परभणी’ असंच असणार. फेसबुकवर शोधतानासुद्धा हिंगोलीबरोबर परभणी टाकून पाहा.

प्रवेशाच्या नोंदवहीतले पत्ते कॉलेज कुणाच्याही हाती देणार नाही, आणि देऊही नयेत. तुम्ही प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज करा, आपले फोन क्रमांक त्यात लिहा आणि कार्यालयात विचारायला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना ते द्यावेत अशी विनंती करा. कॉलेजला यात रस असतो. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग पाहिला जातो, त्यामुळं तुमचं स्वागतच होईल.

३. वर्गमैत्रिणींना शोधण्यासाठी वेगळी वाट धरा

बॅचच्या यादीत सगळ्यात जास्त रिकाम्या जागा मुलींच्या नावांपुढं राहतात. लग्नात आडनाव बदललं, कित्येकींचं पाळण्यातलं नावही बदललं. त्या काळी वर्गात मुलं-मुली एकमेकांशी फार बोलतही नसत. त्यामुळं ‘ती कुठं असते’ हे मुलांना माहीत नसतं. म्हणून हा शोध अर्धवट सोडला जातो आणि ‘बॅचचं’ म्हणवलं जाणारं संमेलन फक्त पुरुषांचं होतं. तसं होऊ द्यायचं नसेल तर माहेरापासून सुरुवात करा.

माहेरचं गाव वहीत आहे. तिथं तिचा भाऊ आहे, वहिनी आहे. चौघांपैकी जी मैत्रीण आहे तिनं वहिनीला फोन करावा किंवा गावातल्या आशाताईंकडं, अंगणवाडीताईंकडं, बचत गटात निरोप ठेवावा. निरोप ठेवताना नियम एकच: तिचा नंबर मागायचा नाही, आपला नंबर द्यायचा. तिला वाटलं, सोयीचं झालं, की ती स्वतः फोन करेल. नागपंचमी आणि दिवाळी हे निरोप पोचण्याचे खरे दिवस, कारण तेव्हा लेकी माहेरी येतात. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी एखाद्या मैत्रिणीच्या घरी तासाभराचा चहा ठेवला, तरी पाच-सहा जणी जमतात. त्या पाच-सहा जणींकडून पुढच्या दहा सापडतात.

पहिला फोन पुरुषानं करू नये. सासरी फोन कोण उचलेल ते माहीत नसतं आणि पंचवीस वर्षांनी आलेल्या अनोळखी आवाजाचा खुलासा तिला घरात करत बसावा लागतो. मैत्रिणीनं फोन केला की घरचेही मोकळे होतात. ग्रुपमध्ये घेण्याआधी तिला विचारा, फोटो कुठंही टाकण्याआधी विचारा. भेटल्यावर वर्गमित्रांनी ‘ताई’ किंवा ‘तुम्ही’ म्हणावं. तिनं ‘अरे, अगं म्हणा की’ म्हटलं तर तसं.

४. पहिला फोन

बरेच जण इथं अडखळतात. इतकी वर्षं बोललो नाही, आता काय तोंडानं फोन करू, त्याला काही मागायला केला असं वाटेल का, असं मनात येतं. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाच्या पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली नेमक्या या संकोचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहज आठवण म्हणून साधलेला संपर्क समोरच्याला किती आवडेल, याचा अंदाज संपर्क करणारे कमीच बांधतात असं त्यांना दिसलं. संपर्क जितका अनपेक्षित, तितका समोरच्याला आनंद जास्त. तेव्हा संकोच बाजूला ठेवा.

फोन संध्याकाळी साडेसातनंतर करा. शेतातला माणूस तेव्हा घरी असतो. पहिल्या वाक्यात आपली ओळख, दुसऱ्यात जुनी खूण, तिसऱ्यात फोन कशासाठी नाही ते सांगा. असं:

‘नमस्कार, मी वसमतहून बोलतोय. बी.ए.ला आपण एका वर्गात होतो, मी हट्ट्याचा. तू स्टँडमागच्या खोलीवर राहायचास, तुझ्या डब्यात कारळाची चटणी असायची. काही काम नाही रे, आपल्या वर्गातली सगळी शोधतोय, म्हणून केला.’

पुढं त्याला बोलू द्या. नोकरी कुठं, पगार किती, पोरं काय करतात, घर बांधलं का, हे प्रश्न पहिल्या फोनवर नकोत. एखाद्याचं लग्न मोडलेलं असतं, एखाद्याचं लेकरू गेलेलं असतं, एखाद्यावर कर्ज असतं. त्याला जे सांगायचं ते तो सांगेल. फोन ठेवल्यावर वहीत तारीख आणि एक ओळ लिहा: ‘आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, नांदेड, पुढच्या महिन्यात.’ महिन्यानं पुन्हा फोन करून आईची चौकशी केली की तो माणूस बॅचशी कायमचा जोडला जातो. वही असते ती यासाठी.

ज्याचा आवाज थंड वाटला त्याला सोडू नका, पण मागंही लागू नका. सहा महिन्यांनी पुन्हा एक फोन, एवढंच.

५. ग्रुप उघडा, पण नियम आधी

पंचवीस-तीस जणांशी प्रत्यक्ष बोलून झालं की मगच व्हॉट्सॲप ग्रुप काढा. आधी ग्रुप काढून नंबर कोंबले, तर आठ दिवसांत निम्मे जण आवाज बंद करून ठेवतात. दोन ग्रुप ठेवणं उत्तम. पहिल्या ग्रुपवर फक्त चौघांनाच लिहिता येईल अशी सोय करा. तारीख, निरोप, आजारपण, दुःखद बातमी एवढंच त्यावर. दुसरा गप्पांचा, ज्याला हवा त्याला.

नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि सगळ्यांना सारखे लावा.

- पक्ष, निवडणूक, जात आणि आरक्षण हे विषय बंद. मराठवाड्यात आपली पिढी नामांतराच्या काळात कॉलेजात होती. १४ जानेवारी १९९४ रोजी औरंगाबादच्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याआधीची वर्षं ताणाची होती. आताही आरक्षणाच्या प्रश्नानं गावागावांत माणसं दुखावलेली आहेत. या प्रश्नांवर बोलू नये असं नाही. समोरासमोर बसून, एकमेकांचा चेहरा पाहत जरूर बोलावं. पुढं ढकललेल्या व्हिडिओवरून ग्रुपवर भांडण लागलं की वीस वर्षांचा मित्र एका रात्रीत जातो.
- उसनवारी, भिशी, विमा, साखळी योजना, प्लॉटची विक्री बंद. मित्राला ‘नाही’ म्हणता येत नाही, म्हणून पैसे बुडतात आणि पैशाबरोबर माणूसही जातो.
- रोजची सुप्रभातची चित्रं बंद. त्यांच्या गर्दीत खऱ्या निरोपावर नजर पडत नाही.
- नियम मोडला तर चौघांपैकी एकानं खासगीत फोन करायचा. ग्रुपवर कुणालाही बोल लावायचा नाही.

६. तारीख पिकाकडं पाहून काढा

आपल्या जिल्ह्यात तारीख चुकण्याचं मुख्य कारण म्हणजे ती नोकरदारांच्या सुट्ट्या पाहून काढली जाते. उन्हाळ्याची सुट्टी बघून मे महिना ठरतो आणि मेमध्ये लग्नसराई असते, ऊन असतं, पेरणीपूर्व मशागत असते. दसऱ्याला हिंगोलीत मोठा मेळा भरतो, बाहेरची माणसं गावी येतात खरी, पण सोयाबीनची काढणी नेमकी तेव्हाच चाललेली असते. फेब्रुवारीपासून हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या पट्ट्यात ज्याच्याकडं हळद आहे तो मार्च-एप्रिलमध्ये कढईपासून हलत नाही. शिक्षकांना फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीच्या आणि दहावीच्या परीक्षा.

उरतो तो डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि जानेवारी. सोयाबीन विकून हाती थोडा पैसा आलेला असतो, हळद अजून जमिनीत असते, हवा थंड असते आणि हुरडा असतो. १४ जानेवारीची संक्रांत टाळून जानेवारीतला एखादा रविवार धरा. पुढच्या वर्षांसाठीही तोच रविवार कायम करा: ‘जानेवारीचा चौथा रविवार म्हणजे आपला.’ दर वर्षी तारीख नव्यानं ठरवायला लागलात की तिसऱ्या वर्षी ती ठरतच नाही.

७. जागा: हॉलपेक्षा शेत बरं

पहिल्या वर्षी सकाळी दोन तास कॉलेजात आणि मग शेतात. दुसऱ्या वर्षापासून सरळ शेतात. मंगल कार्यालय घेतलं की मांडव, ध्वनिक्षेपक, केटरर, फेटे, स्मृतिचिन्हं हा सगळा खर्च मागून येतो, आणि स्टेजवर कुणाला बसवायचं हा प्रश्न येतो. शेतात स्टेज नसतं.

हुरड्याची मोठी गोष्ट म्हणजे त्या दिवशी यजमान शेतकरी मित्र असतो. एरवी अशा संमेलनात तो मागच्या रांगेत, अंग चोरून बसतो. इथं साहेब झालेला वर्गमित्र त्याच्या बांधावर पाहुणा म्हणून येतो. सगळ्यांना आगटीभोवती बसवणारा, कणीस कुठलं कोवळं ते सांगणारा तोच. बॅचमधली उतरंड मोडायला याहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही.

पण हुरडा आयत्या वेळी मिळत नाही. ज्वारीचा पेरा आता घटला आहे, म्हणून सप्टेंबरमध्येच विचारा: यंदा ज्वारी कोण पेरणार? एखाद्यानं हुरड्यापुरता पट्टा टाकायचं कबूल केलं तर गूळभेंडी किंवा सुरती पेरायला सांगा. पेरणीची तारीख वहीत लिहा; पेरल्यापासून साधारण तीन महिन्यांनी कणसं दुधातून निघून हुरड्यावर येतात. त्याच्या बियाण्याचा, मजुरीचा आणि गेलेल्या पिकाचा पैसा वर्गणीतून आधी काढून ठेवा. मित्र आहे म्हणून त्याचं पीक फुकट खायचं नाही.

शेत रस्त्यालगतचं निवडा. औंढा नागनाथच्या आसपासची जागा सगळ्यांना बरी पडते, कारण तिथं हिंगोली, वसमत, परभणी आणि जिंतूर या चारही बाजूंचे रस्ते येऊन मिळतात. अकोला-वाशीमकडून किंवा पूर्णा-नांदेडकडून येणाऱ्यांना रेल्वे सोयीची. २००८ साली हा रेल्वेमार्ग ब्रॉडगेज झाला. मैत्रिणींना आवर्जून कळवा की १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. फाट्यापासून शेतापर्यंत ने-आण करायला दोन गाड्या ठेवा आणि अंधार पडण्याआधी प्रत्येक जण आपल्या गाडीला लागेल अशी वेळ ठरवा. दिवसाउजेडी परतता आलं तरच बाया पुढच्या वर्षी येतात.

८. पैसा

वर्गणी दोनशे रुपये ठेवा. दोनशे कुणालाही जड नाहीत आणि दिल्याचं समाधान सगळ्यांना सारखं. वरचा खर्च ज्यांना झेपतो त्यांच्याकडून चौघांनी खासगीत मागावा. कुणी किती दिले याची यादी ग्रुपवर कधीही टाकू नका. पाच हजारांच्या नावाखाली आपलं दोनशेचं नाव वाचून माणूस येणं टाळतो. एकूण जमा किती आणि खर्च किती, याचा हिशेब मात्र बिलांच्या फोटोसह आठ दिवसांत ग्रुपवर टाका. रोकड एकाकडं, हिशेब दुसऱ्याकडं. शिल्लक पुढच्या वर्षाला.

९. तो दिवस

दहा वाजता कॉलेजात जमा. वर्गात, त्याच बाकांवर बसा. शिकवलेल्या सरांना आणि मॅडमना त्यांच्या घरून गाडीनं आणा, गाडीनं सोडा. हार-शाल-श्रीफळाचा लांब कार्यक्रम करू नका. त्याऐवजी सरांच्या हाती हजेरीची यादी द्या आणि त्यांना हजेरी घेऊ द्या. ही हजेरी नीट तयार करा. जुन्या क्रमांकानं, माहेरच्या नावासह, आणि जी माणसं आता नाहीत त्यांचीही नावं त्यांच्या जागी ठेवून. सर नाव घेतात, पन्नाशीचा माणूस उभा राहून ‘हजर सर’ म्हणतो. जे नाहीत त्यांचं नाव आलं की सगळ्यांनी उभं राहायचं. वेगळी श्रद्धांजली, वेगळं भाषण लागत नाही. जे सर अंथरुणावर आहेत त्यांच्याकडं दोघांनी आदल्या दिवशी जाऊन यावं.

बाराला शेतात. खड्डा करून गोवऱ्या पेटवलेल्या असतात. जाळ बसून आर पडला की कणसं त्यात खुपसायची, पोत्यावर चोळायची, कूस पाखडायची आणि गरम हुरडा वाटीत. सोबत कारळाची नि खोबऱ्याची चटणी, गूळ, दही, बोरं. दुपारी वांग्याचं भरीत, भाकरी, वरण. दारू ठेवू नका. ती असली की मैत्रिणी येत नाहीत, आणि ज्याला सोडायची आहे त्याचा निश्चय मोडतो.

जेवणानंतर गोल करून बसा. प्रत्येकाला तीन मिनिटं. बोलायचं तीन गोष्टींवर: सध्या दिवस कशात जातो, कॉलेजातली एक आठवण, आणि मला कशाची मदत हवी किंवा मी कुणाला कशाची देऊ शकतो. पद, पगार, पोरांची पॅकेजं यांना इथं जागा नाही. तिसरा मुद्दा चौघांपैकी एकानं वहीत लिहून घ्यायचा. एक म्हणतो पोरीला नांदेडला शिकायचंय, चांगलं वसतिगृह कुठं. दुसरी म्हणते मी तिथंच राहते. पुढच्या वर्षभराचं काम या पानातून निघतं.

१०. दुसऱ्या दिवसापासूनचं काम

संमेलन झालं, फोटो पाठवले आणि मार्चपर्यंत सगळं शांत झालं, असं बहुतेक बॅचचं होतं. टिकते ती बॅच, जी अडचणीच्या वेळी उभी राहते. पन्नाशीत अडचणी येतातच. त्यासाठी तयारी अशी ठेवा.

आजारपण कळलं की वर्गणी गोळा करण्याआधी दोघांनी दवाखान्यात जाऊन कागद पाहा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. रेशनकार्ड, आधार नीट आहे का, दवाखाना योजनेत आहे का, आरोग्यमित्राला भेटलात का, हे विचारायला घाबरलेल्या घरातलं कुणी मोकळं नसतं. वर्गमित्रांनी ते करावं. रात्री दवाखान्यात थांबायला पाळी लावून घ्यावी.

शेतकरी मित्राचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळू शकतात. दुःखात घरच्यांना सुचत नाही आणि मुदत निघून जाते. कागदपत्रं जुळवून तालुका कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज लावून देणं हे बॅचचं काम. मित्र गेला तरी वहिनींचा फोन वहीत राहू द्या आणि जानेवारीचं बोलावणं त्यांनाही जाऊ द्या.

तिसरी गोष्ट जपून पाहण्याची आहे. जो नेहमी बोलायचा तो गप्प झाला, ग्रुपमधून निघाला, फोन उचलेना, तर ‘रागावला असेल’ म्हणून सोडू नका. नापिकी, कर्ज, घरातला कलह, यांत माणूस आधी मित्रांपासून तुटतो. चौघांपैकी जो जवळचा त्यानं त्याच आठवड्यात घरी जावं, बांधावर बसावं, ऐकून घ्यावं. जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली तर त्याला एकटं सोडू नये. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. तो नंबर ग्रुपवर कायम वर लावून ठेवा.

नोंदणीकृत संघ करायची घाई करू नका. सात जण मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढता येते, पण मग दरवर्षीचं लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालयातले बदल अर्ज हे सगळं सांभाळावं लागतं. कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ आधीच असेल तर त्याचं सभासद व्हा. तीन वर्षं सलग भेट झाली आणि शिष्यवृत्तीसारखं कायमचं काही करायचं ठरलं, तर मग नोंदणीचा विचार.

वर्षाचं वेळापत्रक

- जानेवारी: ठरलेल्या रविवारी भेट. आठ दिवसांत हिशेब.
- फेब्रुवारी ते मे: वहीतल्या तिसऱ्या मुद्द्याची कामं. चौघांनी महिन्याला प्रत्येकी पाच फोन.
- जून, जुलै: पेरणी, शेतकरी मित्रांना त्रास नको. दहावी-बारावी झालेल्या पोरांना प्रवेशासाठी माहिती.
- ऑगस्ट: नागपंचमीला माहेरी आलेल्या मैत्रिणींना निरोप.
- सप्टेंबर: ज्वारी कोण पेरणार ते विचारा.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: भाऊबिजेनंतरचा चहा. सापडलेली नवी नावं वहीत.
- डिसेंबर: बोलावणं. जे मागच्या वर्षी आले नाहीत त्यांना आधी फोन, आले त्यांना नंतर.

चौघांपैकी एकानं दर दोन वर्षांनी बाहेर पडावं आणि नवा माणूस आत यावा, म्हणजे काम कुणा एकाच्या मालकीचं होत नाही.

दुसऱ्या वर्षीची भेट झाली की वही उघडा आणि किती जण आले ते मोजू नका. खोलीवरचा तो शेतकरी आला का, सासरहून दोन गाड्या बदलून येणारी ती आली का, गेलेल्या मित्राच्या घरून कुणी आलं का, एवढं पाहा. नसतील आले तर कारण विचारून पुढच्या वर्षीची तारीख, जागा, वर्गणी त्यानुसार बदला. आणि आज एवढंच करा: ज्याच्या खोलीवर तुम्ही राहिलात, त्या एकाला संध्याकाळी साडेसातनंतर फोन लावा.